जुनी गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही : बिघाड शोधायचा कसा?



दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला 'विद्युतधारेचे परिणाम' हे प्रकरण पाठ असतं. फॅरेडे, तारेची कुंडली, चुंबक आत-बाहेर, गॅल्व्हानोमीटरचा काटा इकडून तिकडे. मीही ते कितीतरी वर्षं शिकवत आलो. पण तोच नियम माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीत रोज काम करतो, आणि त्या कामात खंड पडला की काय होतं, हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर नीट कळलं. तेही रात्री अकरा वाजता, चाकूर ओलांडून अहमदपूरकडे येताना, मागच्या सीटवर अण्णा (माझे वडील) आडवे झालेले असताना.

अण्णांना त्या काळात दर पंधरा दिवसांनी लातूरला दवाखान्यात न्यावं लागायचं. एसटीत त्यांना बसवत नव्हतं, म्हणून जुन्या गाडीचाच आधार. त्या रात्री गाडी दोन-तीन गचके देऊन गप्प झाली. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. मी बॉनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात दोन-चार वायरी हलवल्या, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं, वीस मिनिटं थांबलो. मग चावी फिरवली तर गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. घरी आलो. पण पुढच्या वेळी अण्णांना घेऊन निघायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. जी गाडी बंदच आहे ती परवडली, टोचण लावून गॅरेजला नेता येते. जी कधी चालते, कधी चालत नाही, तिचं काय करायचं?

आजचा लेख त्याबद्दल आहे. गाडी तुमच्याकडे नसली तरी वाचा, कारण यातला अर्धा भाग वर्गात वापरता येतो.

आधी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. आपल्या महाराष्ट्राशी जिचं नातं सगळ्यात जवळचं ती प्रीमिअर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. आधी ती फियाट म्हणूनच ओळखली जायची, 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची वीस वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून गेली. दुसरी मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हातात गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तिच्या सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांतल्या गाड्या कार्ब्युरेटरच्या. आमच्या अहमदपूर, लोहा, चाकूर, उदगीर पट्ट्यात अशा जुन्या पेट्रोल गाड्या अजून दिसतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. गुरुजी लोक, छोटे दुकानदार आणि शेतकरी ती वाढवून घेतात, कारण दुसरी गाडी घेणं जमत नाही. माझी गाडी त्याच पिढीतली. बिघाड झाला तो तिच्या वयाने.

'सुरू होत नाही' या वाक्याचे दोन अर्थ आहेत, आणि गॅरेजमध्ये निम्मा गोंधळ इथेच होतो. एक, चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं किंवा तेही होत नाही, म्हणजे इंजिन फिरतच नाही. हा बॅटरीचा, तिच्या टर्मिनलचा, सेल्फचा किंवा अर्थिंगचा प्रश्न. दोन, इंजिन जोरात फिरतं पण पेट घेत नाही. हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू होत नाही. मी मात्र दुसरा त्रास असताना पहिल्याचा इलाज केला, म्हणजे नवी बॅटरी घेतली. जुनीला चार वर्षं झाली होती, म्हणून फार हळहळ वाटली नाही. पण ती तपासून बदलायला काय हरकत होती? मल्टिमीटर आपल्या प्रयोगशाळेतच असतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते (सहा घरं, प्रत्येकी २.१). १२ च्या आसपास दिसली तर ती बरीच उतरली आहे. सेल्फ मारताना कुणाला तरी काट्याकडे बघायला सांगा, आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली किंवा टर्मिनल सैल आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. पेट्रोल इंजिनाला पेट घ्यायला हवेत मिसळलेलं पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी, एवढंच लागतं. दाब अचानक जात नाही आणि वीस मिनिटांनी परत येत नाही. तेव्हा अधूनमधून होणाऱ्या त्रासात संशयित दोनच उरतात, पेट्रोल आणि ठिणगी. गॅरेजच्या भाषेत ठिणगीला 'करंट' म्हणतात. 'प्लगला करंट यायलाय का बघ' म्हणजे ठिणगी पडते का पाहा.

ही ठिणगी येते कुठून? इथे आपलं दहावीचं प्रकरण उघडा. बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या फटीत, दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला मात्र काही हजार व्होल्ट लागतात, वेळप्रसंगी पंधरा-वीस हजार. हे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन कुंडल्या असतात. एकीत जाड तारेचे थोडे वेढे, दुसरीत केसासारख्या तारेचे त्याच्या शंभरेक पट वेढे. हुशार मुलगा इथे विचारतो, 'सर, बॅटरी तर डीसी आहे. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत.' बरोबर आहे त्याचं. धारा नुसती वाहत राहिली तर दुसऱ्या कुंडलीत काहीच होत नाही. म्हणूनच तिथे एक छोटासा स्विच ठेवलाय, जो सतत उघडझाप करतो. त्याला आपल्याकडे 'पॉईंट' म्हणतात. पॉईंट मिटलेला असताना पहिल्या कुंडलीतून धारा वाहते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉईंट उघडला की धारा तुटते, क्षेत्र एकदम कोसळतं, आणि त्या कोसळण्यामुळे दुसऱ्या कुंडलीत हजारो व्होल्ट निर्माण होतात. मुलांना हे वाक्य दोनदा सांगावं लागतं: ठिणगी धारा सुरू होताना पडत नाही, तुटताना पडते.

पॉईंटच्या शेजारी एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉईंट उघडताना धारेला थांबायचं नसतं, ती फटीतून उडी मारायला बघते. कंडेन्सर ती ऊर्जा क्षणभर स्वतःकडे घेतो, म्हणून धारा झटकन तुटते आणि पॉईंट जळत नाही. कंडेन्सर गेला की पॉईंटवर निळसर ठिणग्या दिसतात, प्लगवरची ठिणगी पिवळट आणि मरगळलेली होते, आणि नवा पॉईंटसुद्धा थोड्या दिवसांत काळा पडतो. 'पॉईंट दर महिन्याला जायलाय' अशी तक्रार असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या.

तयार झालेली ठिणगी कोणत्या सिलिंडरला द्यायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. जुने मिस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने डेटन गावात प्रयोगशाळा काढली, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'डेल्को'. बॅटरीवर चालणारं इग्निशन त्याचंच, ते १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत बसलं. १९१२ साली त्याच गाडीत त्याचा विजेवरचा सेल्फ आला, हँडल मारायचं काम सुटलं. म्हणजे त्या कंपनीचं नाव शंभर वर्षांनी आमच्या गॅरेजमध्ये एका सुट्या भागाचं नाव होऊन बसलंय, आणि ते उच्चारणाऱ्या कुणालाच त्याचा पत्ता नाही.

एक छोटं गणित फळ्यावर घालून पाहा. चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारतंय. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे मिनिटाला ६,००० ठिणग्या, सेकंदाला १००. मारुती ८०० सारखं तीन सिलिंडरचं असेल तर सेकंदाला ७५. एवढ्या वेळा तो पॉईंट उघडझाप करतो, दर सेकंदाला, तासन्‌तास. तो झिजला तर त्याला दोष कसा द्यायचा?

आता माझी कथा पुढे सांगतो. त्या रात्रीनंतर मी एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी प्लग बदलले. आठ दिवस बरे गेले, परत तेच. मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला, 'जेटमधी कचरा व्हता' म्हणाले. पाच दिवस बरे गेले. मग कॉइल बदलली. ती बदलल्यावर तर तब्बल तीन आठवडे काही झालं नाही, मी लोकांना सांगत सुटलो की कॉइलच होती. मग एका सकाळी परीक्षेच्या ड्युटीला निघताना गाडी जागेवरच. बॅटरी धरून चार आकडी रक्कम गेली होती आणि बिघाड जिथल्या तिथे. मुलांना मी शिकवतो की एका वेळी एकच चल बदला, निरीक्षण नोंदवा, मग निष्कर्ष काढा. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नव्हतं. आठ दिवस बरं चाललं की इलाज लागू पडला, असं धरून चाललो. पण जो बिघाड मुळातच अधूनमधून येतो, तो काही न करताही आठ दिवस येत नाही! ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली की नुसती वीस मिनिटं थांबल्याने, हेही मला त्या रात्री कळायला मार्ग नव्हता.

मग एक जुनी वही घेतली आणि डॅशबोर्डवर ठेवली. प्रत्येक वेळी गाडीने त्रास दिला की लिहायचं: वेळ, इंजिन गरम की थंड, पाऊस की ऊन, चढ की सपाट, पाय अॅक्सिलेटरवर किती दाबलेला होता, परत सुरू व्हायला किती वेळ लागला. महिन्याभरात अकरा नोंदी झाल्या. त्या समोर ठेवून पाहिल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. आमचा भाग बालाघाटच्या पठाराचा, रस्त्याला चढ-उतार आहेत. गाडी चढावर एकदाही अडली नव्हती. अडायची ती सपाट रस्त्यावर, पन्नासच्या वेगाने निवांत जाताना, पाय हलकाच ठेवलेला असताना.

इथे थोडं थांबून विचार करा, कारण सगळी मजा इथे आहे. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी कुठे अडली असती? चढावर. कारण तिथे इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. कॉइल किंवा प्लग अशक्त असते तर? तरीही चढावरच, कारण पाय दाबल्यावर सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं, दाब वाढतो, आणि जास्त दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे ज्या तीन गोष्टींवर मी पैसे घातले, त्या तिन्हींचं लक्षण माझ्या वहीतल्या लक्षणाच्या बरोबर उलट होतं. वही आधी केली असती तर तेवढे पैसे वाचले असते.

पण मग हलक्या पायाला काय बिघडतं, हे मला सुचेना. वही घेऊन मी बसस्टँडमागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. आता ते फारसं काम घेत नाहीत, नातवाच्या दुकानात बसून असतात. त्यांनी वही उलटीपालटी केली, वाचता येत नव्हतं बहुतेक, मला वाचून दाखवायला लावली. मग म्हणाले, 'सर, तुम्ही पार्ट बदलायलाव. बिघाड कुठं शोधायलाव?'

मी काय बोलणार?

त्यांनी इंडिकेटरचा एक जुना १२ व्होल्टचा बल्ब काढला, दोन वायरी जोडल्या. झाला टेस्ट लॅम्प. एक वायर इंजिनच्या लोखंडाला, दुसरी कॉइलच्या त्या टोकाला जिथून वायर डेल्कोत जाते. नातवाला सेल्फ मारायला सांगितलं. बल्ब लुकलुकला. याचा अर्थ समजून घ्या, ही तपासणी सोन्यासारखी आहे. पॉईंट उघडा असतो तेव्हा कॉइलच्या त्या टोकावर व्होल्टेज असतं, बल्ब पेटतो. पॉईंट मिटला की ते टोक अर्थला जोडलं जातं, बल्ब विझतो. म्हणजे सेल्फ मारताना बल्ब लुकलुकला की पहिल्या कुंडलीचा मार्ग आणि पॉईंट ठीक. बल्ब सतत पेटलेला राहिला तर पॉईंटकडचा मार्ग कुठेतरी तुटलाय: वायर तुटली, पॉईंट काळे पडले किंवा त्यांची फट फार मोठी झाली. बल्ब पेटतच नसेल तर एक तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा कॉइल आतून तुटली, किंवा पॉईंटची बाजू कायमची अर्थ झालीय, यात कंडेन्सर शॉर्ट होणंही आलं. यातलं कोणतं, ते कॉइलच्या चावीकडच्या टोकावर बल्ब लावला की कळतं.

माझ्या गाडीचा बल्ब लुकलुकला, गाडी सुरूही झाली. म्हणजे त्या क्षणी बिघाड नव्हता. अधूनमधूनच्या बिघाडाची हीच तर खोड, डॉक्टरकडे गेलं की दुखणं थांबतं. पण मिस्त्रींनी बल्ब तिथेच राहू दिला, इंजिन चालू ठेवलं आणि डेल्कोच्या कडेला असलेल्या डबीची रबरी नळी कार्ब्युरेटरकडून काढली. नळीचं टोक तोंडात धरून त्यांनी जोरात हवा ओढली. इंजिनाने गचका दिला आणि बंद पडलं. बल्ब लुकलुकायचा थांबून स्थिर पेटून राहिला. नळी सोडली, सेल्फ मारला, सुरू. परत ओढली, बंद. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

कारण असं आहे. ती डबी म्हणजे व्हॅक्यूम अॅडव्हान्स. पाय हलका असताना कार्ब्युरेटरच्या झडपेजवळ हवेचा दाब कमी होतो, त्या ओढीने डबीतला पडदा मागे सरकतो आणि पॉईंट ज्या तबकडीवर बसवलेत ती थोडी फिरवतो, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडते आणि पेट्रोलची बचत होते. पाय पूर्ण दाबला की ही ओढ संपते, तबकडी मूळ जागी येते. या हलत्या तबकडीवरच्या पॉईंटपर्यंत दोन इंचांची एक लवचिक वायर जाते. वर्षानुवर्षं तबकडीबरोबर वाकून-वाकून तिच्या आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं आवरण मात्र शाबूत, म्हणून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसायची. तबकडी मूळ जागी असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची. तबकडी फिरली की सुटायची. चढावर गाडी का चालायची आणि सपाटीला का अडायची, याचं उत्तर त्या दोन इंचांत होतं. बंद पडल्यावर परत लगेच सुरू का होत नव्हती? कारण सुटलेली टोकं जागेवर आल्यावर प्रत्येक वेळी नीट टेकतीलच असं नाही. मी त्या रात्री अंधारात वायरी हलवल्या, त्यात कधीतरी ती टेकली असणार. ओल्या फडक्याचा काही संबंध नव्हता.

वायर पंधरा-वीस रुपयांची. नवी लावली. जुनी मी मागून घेतली, ती आता शाळेच्या प्रयोगशाळेत काड्यापेटीत ठेवलेली आहे. मुलांच्या हातात देतो आणि विचारतो, 'यात दोष काय?' कुणालाच दिसत नाही. मग मल्टिमीटरची टोकं लावून ती वाकवायला सांगतो.

एक गोष्ट मात्र उरली होती. सकाळी गार असताना गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, हे या वायरने पूर्ण उलगडत नव्हतं. मिस्त्रींनी पॉईंटची फट फिलर गेजने मोजली. साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असायला हवी (आपापल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा), माझ्या गाडीत ०.२५ ची पट्टीसुद्धा जाईना. पॉईंटची फायबरची टाच झिजली की फट मिटत जाते, पॉईंट उशिरा उघडतो, धारा झटकन तुटत नाही, ठिणगी उशिरा आणि दुबळी पडते. त्यात सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट उतरलेले असतात. मग गार इंजिन उचलणार कसं? म्हणजे बिघाड दोन होते आणि एकमेकांच्या आड लपले होते. 'एका दुखण्याचं एकच कारण' हा हट्ट जुन्या गाडीपाशी चालत नाही.

तुमच्या गाडीचं लक्षण वेगळं असू शकतं, म्हणून आणखी काही सांगून ठेवतो.

मराठवाड्याच्या मे महिन्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचा. अर्धा तास चालून बंद पडते, गार झाली की सुरू होते. याची दोन मोठी कारणं आणि दोघांचं बाहेरून दिसणारं रूप अगदी सारखं. एक, कॉइल आतून सुटलेली असते, तापली की तार प्रसरण पावून मार्ग तुटतो किंवा आवरणातून वीज झिरपते. दोन, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. गार झाल्यावर दोन्ही बरे होतात, त्यामुळे गॅरेजला पोहोचेपर्यंत पुरावा नाहीसा. म्हणून ठिणगी तपासायची ती बंद पडल्या क्षणी, रस्त्याच्या कडेला. डिकीत एक जादा प्लग ठेवा. एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग जम्पर वायरने इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला पक्का जोडा, हात लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी दिसली तर पेट्रोलच्या बाजूला पाहा. नाही दिसली तर पेट्रोलला हात लावू नका. या एका तपासणीने निम्मे संशयित घरी जातात.

पावसाळ्यात सुरू न होणारी गाडी बहुतेक वेळा डेल्कोच्या टोपणामुळे अडते. टोपणात बारीक तडा असतो, त्यात दमटपणा आणि कार्बनची काळी रेघ बसते, आणि वीज प्लगकडे न जाता त्या रेघेने पळते. टोपण आतून कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात धरून तडा शोधा. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर अंधाऱ्या रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू करा, जिथून वीज झिरपते तिथे निळे किडे चमकताना दिसतील.

आणखी एक लक्षण लोकांच्या लक्षात येत नाही. सेल्फ मारत असताना गाडी पेट घेत नाही, पण चावी सोडल्या क्षणी 'भुक्' करून घेते. हा चावीच्या स्विचचा दोष. 'स्टार्ट'च्या जागी कॉइलला मिळणारी वीज तुटलेली असते, चावी मागे आल्यावर मिळते. चालत्या गाडीत चावीचा जुडगा हलवल्यावर इंजिन गचकत असेल तरी तोच संशय घ्यावा, आणि जुडग्यातल्या घराच्या, शाळेच्या, कपाटाच्या किल्ल्या आधी काढून टाकाव्यात.

प्लग बाहेर काढलाच तर त्याचा रंग बघा. विटकरी-बदामी असेल तर चांगलं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला, ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगी पडलीच नाही, पांढराफटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापतंय.

इंजेक्शनच्या, म्हणजे अलीकडच्या गाड्यांना हे सगळं लागू नाही. त्यांत पॉईंट नाही, सेन्सर आणि कॉम्प्युटर आहे, आणि उघडी ठिणगी उडवून पाहिली तर महागडं मॉड्यूल जाऊ शकतं. त्या गाडीला स्कॅनर लावणाऱ्याकडेच न्यावं. वही मात्र तिलाही चालते.

पालकांसाठी एक सूचना, आणि ती मी वर्गातही जोर देऊन सांगतो. कॉइलकडून येणाऱ्या जाड वायरीला इंजिन फिरताना हात लावायचा नाही. हृदयाचा त्रास असलेल्याने तर जवळही थांबू नये. जवळपास पेट्रोल सांडलेलं असेल, कार्ब्युरेटर उघडा असेल तर ठिणगी तपासायची नाही. ओढणी, मफलर, मोकळे केस पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. नळी तोंडाने ओढण्याचा मिस्त्रींचा प्रयोग करायचा झाला तर नळीत पेट्रोल नाही याची खात्री करा, किंवा साधी मोठी सिरिंज वापरा. मुलांनी फक्त पाहावं.

वर्गात मी आता हे असं घेतो: वहीतल्या अकरा नोंदी फळ्यावर लिहितो आणि उत्तर सांगत नाही. 'पेट्रोल' म्हणणाऱ्यांचा एक गट, 'कॉइल' म्हणणाऱ्यांचा दुसरा. प्रत्येक गटाने आपलं उत्तर खरं असतं तर चढावर काय झालं असतं ते सांगायचं. पंधरा मिनिटांत दोन्ही गट स्वतःचंच उत्तर खोडतात. मग काड्यापेटी बाहेर काढतो.

वायर बदलल्यानंतर चार दिवसांनी अण्णांना घेऊन लातूरला निघालो. येताना चाकूरला चहासाठी थांबलो. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, 'बंद कर की, पेट्रोल काय फुकट यायलंय का?' बंद केलं. चहा घेतला, मग अण्णांना दुसरा हवा होता, तोही घेतला. गाडीत बसून चावी फिरवली. एका सेल्फला उचलली.